फडकं न बांधणारा सिद्राम

सिद्राम मिस्त्रीबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मलाही ते जमेल असं वाटत नाही. कारखान्यातली बाकीची माणसं पाठीवर हात ठेवायची, चहा पाजायची, सणाला घरी बोलवायची, आणि त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. हा माणूस मात्र जेवायला कसा बसायचा तेही आठवतं. भिंतीकडे तोंड करून. आम्हा सगळ्यांकडे पाठ.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला आमचा फर्निचरचा कारखाना होता. कपाटं, टेबलं, आरशाची ड्रेसिंग टेबलं, रेडिओच्या पेट्या असं सगळं व्हायचं. मालकांची आधी लाकडाची वखार होती, तिथून ते कारखानदार झाले होते. मी वैरागहून मॅट्रिक होऊन, टायपिंग शिकून आलेला, आणि तिथं स्टोअरकीपर होतो. सिद्राम फवारणी करायचा. तयार झालेल्या लाकडावर स्प्रे गननं लॅकर मारायचं, की लाकूड काचेसारखं चमकतं. गाव मैंदर्गी. वय पंचेचाळीसच्या पुढे, उंच, हडकुळा, आणि रोज सकाळी दाढीमिशी सफाचट केलेला. स्वतःशी तो कन्नड बोलायचा आणि आमच्याशी मराठी, कारण आम्हाला काय म्हणतोय ते कळलं पाहिजे ना.

माणसाला तो खालून वर बघत यायचा. आधी चपला, मग पँट, मग शर्टाची बटणं. चेहऱ्याशी पोचेपर्यंत निकाल लागलेला असायचा. सुतारांना तो खिळेठोके म्हणायचा. मालकांना, त्यांच्या पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही, वखारवाले. मला त्यानं पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, रजिस्टर. 'ए रजिस्टर, थिनर दे.' चार वर्षांत माझं खरं नाव त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. त्याला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. आवाज मात्र कधी चढवायचा नाही. तुच्छतेला आवाज लागत नाही, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

रुजू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मालकांनी दवाखान्यातल्या नर्स बांधतात तसले नाडीचे पांढरे मास्क शिवून आणले होते. फवारणीच्या खोलीत माणसं रुमाल गुंडाळून काम करतात ते बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सह्या घेत ते वाटत निघालो. सिद्रामनं सही केली नाही. मास्क उलटसुलट करून बघितला, मग माझ्याच तोंडावर बांधला. मानेमागं गाठ अगदी नीट आवळली, आणि लॅकर पातळ करायच्या थिनरच्या डब्याचं झाकण काढून डबा माझ्या हनुवटीखाली धरला.

"काय येतंय?"

मी म्हणालो, वास येतोय.

"कशातनं येतोय? फडक्यातनंच की. मंग ह्ये काय देवाचा शेला हाय, नुस्तं पांघरायला?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी डबा त्यानं लगेच काढला नाही. सुतार हसत होते. मी किती मूर्ख आहे ते मला कळावं म्हणून त्यानं पुढचं सांगितलं, आणि ते मी जन्मात विसरलो नाही. लाकूड घासताना उडतो तो भुसा. तो बऱ्या फडक्याला अडतो. गनमधून उडतो तो लॅकरचा फवारा, धुक्यासारखा बारीक. त्याला दाट कापसाची दाबलेली चकती लागते. आणि थिनर उडून होते ती वाफ. तिला गोधडी बांधली तरी ती अडत नाही. तिला कोळसा लागतो, खास भाजलेला, दाणेदार, जो वाफ पिऊन टाकतो. म्हणून फवारणाऱ्याच्या तोंडावर पुढं कापूस आणि मागं कोळसा, दोन्ही पाहिजेत.

"आनि कोळसा बी माणसावानीच हाय," तो म्हणाला. "प्वाट भरलं की पीत न्हाय."

त्याचा स्वतःचा मास्क मुंबईहून आणलेला होता. काळ्या रबराचा, नाकातोंडावर बसणारा, दोन गालांना दोन गोल डब्या असलेला. काम झालं की तो पुसून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालायचा आणि झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी लावायचा. उघडा ठेवला तर कोळसा बसल्या जागी खोलीतली वाफ पीत राहतो आणि फुकट मरतो. किती वेळ फवारणी झाली त्याच्या खडूच्या रेघा तो भिंतीवर मारायचा, आणि ठरलेल्या रेघा झाल्या की डब्या बदलायचा. मधेच मास्कच्या आत वास आला तर रेघांची वाटही बघायची नाही. मास्क चढवला की दर वेळी दोन्ही डब्यांवर तळहात दाबून श्वास आत ओढायचा. रबर गालाला चिकटलं तर ठीक, कुठूनही वारा आला तर पट्टे पुन्हा आवळायचे. ह्यासाठीच दाढीमिशी नाही. त्या काळात आमच्याकडे बिनमिशीचा बाप्या म्हणजे चेष्टेचा विषय. त्याची पाठीमागे खूप चेष्टा व्हायची. समोर कुणाची छाती नव्हती.

मालकांचा विश्वास गुळावर होता. धूळ-धूर खाणाऱ्या माणसानं गूळ खाल्ला की छाती साफ होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते स्वस्तही होतं. दर शनिवारी फवारणीवाल्यांना आणि घासणाऱ्यांना एकेक खडा. मालक स्वतः वाटायचे, आपण सगळे एका घरातले असं म्हणत. सिद्राम आपला खडा घ्यायचा, त्यांच्यादेखत फाटकाशी जायचा आणि पहारेकऱ्याच्या शेळीला घालायचा. एकदा मालकांनी न राहवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की गिळलेला गूळ पोटात जातो, वाफ जाते फुफ्फुसात. मधे पूल कुटं बांधलाय तेवढं दाखवा. मालक हसले. हसून वेळ मारून न्यायची त्यांना सवय होती, आणि त्या हसण्याचा मला पुढे फार राग यायला लागला. तेव्हा मात्र मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

फवारणीच्या खोलीत दुसरा माणूस होता अंबादास. साखर पेठेतला, घरी तेलुगू बोलणारा, विणकराच्या कुटुंबातला. तिशीचा, गोरा, गाणी म्हणत काम करणारा आणि सगळ्यांचा लाडका. त्याची मिशी म्हणजे कारखान्याची शोभा होती. जेवणानंतर तो तिला खोबरेल लावायचा. सिद्राम त्याला 'मिशी' म्हणूनच हाक मारायचा, आणि अंबादास त्यावरही हसायचा. तो रुमाल बांधून फवारणी करी. संध्याकाळी डोकं गरगरायचं, तेव्हा म्हणे की बिनपैशाची चढली.

अंबादासला खरा मास्क मिळावा म्हणून सिद्राम मालकांच्या मागं लागला असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. शेजारचा माणूस चुकीचं काम करतोय हे त्याला बघवत नव्हतं, एवढंच. मालकांनी आधी गिरणीत कापसाच्या धुळीला वापरतात तसले पत्र्याचे, कापूस घालायचे मास्क आणले. सिद्रामनं ते वाफेवर धरून दाखवले आणि परत दिले. शेवटी त्यानं मला मुंबईच्या एका दुकानाला पत्र लिहायला बसवलं. काय मारतो, किती वेळ मारतो, खोली केवढी, पंखा कुठं, सगळं त्यानं सांगितलं आणि मी टाइप केलं. शेवटी मी आपलं 'कृपया कळवावे' घातलं, ते त्यानं वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. म्हणाला, आपण माल घेणार, ते देणार, मधे हात कशाला जोडायचे?

मास्क आले. अंबादासनं चढवला, सिद्रामनं त्याच्या डब्यांवर स्वतःचे तळहात दाबले आणि श्वास ओढायला सांगितलं. मिशीतून सूं सूं वारा आला. पट्टे आवळले, तरी आला.

"मिशी काढ न्हायतर मास्क काढ," सिद्राम म्हणाला. "दोनीबी ठेवलंस तर मेल्यावर लोक म्हनतील, मास्क घालून मेला. मास्कचं नाव खराब."

अंबादास त्या वेळी पहिल्यांदा चिडलेला मी पाहिला. मिशी काढायची ती बाप गेल्यावर, असं म्हणून त्यानं मास्क खुंटीला लावला. वास नको म्हणून कधी घालायचा, कधी नाही. आम्ही सगळे अंबादासच्या बाजूचे होतो. एवढं तोडून कशाला बोलायचं, असं आमचं मत.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मालकांना मोठं काम मिळालं, एका हॉटेलची टेबलं. गरम कपबशी ठेवली तरी डाग पडता कामा नये अशी अट होती, आणि आमच्या लॅकरवर तर डाग पडायचे. म्हणून मुंबईहून नवं पॉलिश आलं, दोन डब्यांचं. एका डब्यात पॉलिश, दुसऱ्या लहान डब्यात हार्डनर. फवारायच्या आधी मिसळायचं, की वाळल्यावर दगड होतं. सिद्राम दोन्ही डबे घेऊन स्टोअरमध्ये आला. त्याला कन्नड वाचता येई, मराठी अडखळत, इंग्रजी अजिबात नाही. लहान डब्यावरची बारीक अक्षरं त्यानं मला एकेक ओळ वाचून मराठीत सांगायला लावली.

मी वाचलं. फवारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क वापरावा. छातीचा विकार असणाऱ्यानं जवळ येऊ नये. ह्याची वाफ वासावरून कळेलच असं नाही. एकदा बाधलं तर पुढे थोड्यानंही बाधेल.

तिसरी ओळ त्यानं मला तीनदा वाचायला लावली. मग म्हणाला, वास येत न्हाय तर कोळसा मेल्याचं कळनार कसं? त्याचा सगळा हिशेब नाकावर होता, आणि इथं नाकच बाद झालं होतं. तो तसाच मालकांकडे गेला आणि ह्या खोलीत, असल्या मास्कवर, हे मारणार नाही म्हणाला. मालक म्हणाले, कंपन्या स्वतःचा बचाव म्हणून असलं लिहितात. सिद्राम म्हणाला, मग तुमी मारा. मालक ह्या वेळी हसले नाहीत. त्याला घरी बसायला सांगितलं. त्यानं बिस्किटाचा डबा उचलला आणि सही न करता चालू लागला.

फाटकाशी अंबादासनं त्याला गाठलं. काम आता त्याच्यावर आलं होतं. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमचा मास्क भारीतला हाय, तेवढा ठेवून जावा की."

सिद्राम म्हणाला, "तुला दिला तर तू निर्धास्त होशील. निर्धास्त झालास की जास्त मारशील. ह्याला ह्यो मास्क न्हाय चालत." एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो पुढे म्हणाला, "आनि माज्या मास्कात तुजी मिशी नको." सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते हे शेवटचं वाक्य. दिवसभर कारखान्यात सिद्रामच्या नावानं शिव्या चालल्या होत्या.

दुपारी मालकांनी मला आत बोलावून सांगितलं की डब्यावर काय लिहिलंय ते विनाकारण पसरवू नकोस, माणसं बिथरतात. मी बरं म्हणालो. तासाभरानं अंबादास हार्डनर न्यायला स्टोअरमध्ये आला. लहान डबा हातात फिरवत त्यानं मला विचारलं, "भाऊ, काय लिवलंय हो ह्याच्यावर? मिस्त्री एवढं भडकलं ते."

मी म्हणालो, नेहमीचंच. जपून वापरा म्हणून.

तो हसला आणि गाणं म्हणत गेला.

चार दिवस त्यानं फवारणी केली. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला, चौथ्या दिवशी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय म्हणाला. मालकांनी गूळ दिला. पाचव्या दिवशी त्याला धरून घरी न्यावं लागलं. डॉक्टरांनी दमा सांगितला, आठ दिवस विश्रांती सांगितली. आठ दिवसांनी तो हसत कामावर आला, फवारणीच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत कुणी फवारतसुद्धा नव्हतं, आणि उभ्या उभ्या त्याला अशी धाप लागली की तो दाराला धरून खाली बसला. ओठ निळे पडले होते. ते दृश्य बघून सुतारांचे रंधे थांबले.

मी केळी घेऊन त्याच्या घरी गेलो. एकच खोली. त्याची बायको लक्ष्मी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. मी बसलो असताना सिद्राम आला. कुणी सांगितलं त्याला, कोण जाणे. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आता ती खोली तुला मेली. दारातनं बी जायचं न्हाय. छातीला एकदा कळलं की छाती इसरत न्हाय." मग सुपाकडे बघून लक्ष्मीला म्हणाला की ही तंबाखू इथनं उचला.

लक्ष्मीनं विडी वळायचं थांबवलं नाही. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "उचलते की. मग खायचं काय ते पण सांगा."

सिद्रामनं सुपावरची नजर काढली. मग अंबादासला विचारलं की डब्यावरचं कुणी वाचून दाखवलं नव्हतं का. अंबादास धापा टाकत, अगदी निर्मळपणे म्हणाला, "भाऊनी दाखवलं की. जपून वापरा लिवलंय म्हणाले." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं.

बाहेर रस्त्यावर सिद्राम माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालला. मला वाटलं, शिव्या देईल. त्यानं नेहमीसारखं खालून वर बघितलं.

"मला विंग्रजी येत न्हाय," तो म्हणाला. "तुला येतंय. तू वाचलं न्हाईस."

आणि तो निघून गेला.

हॉटेलची निम्मी टेबलं अर्धवट पडून होती. दुसरा फवारणीवाला मिळेना. अंबादासची गोष्ट शहरभर झाली होती. मग मालकांनी मलाच मैंदर्गीला पाठवलं, सिद्रामला आणायला. मी गेलो तेव्हा तो अंगणात बाज विणत होता. निरोप ऐकून घेतला आणि म्हणाला की येतो, पण हवा बाहेरची पाहिजे, आणि ती कशी आणायची ते मी सांगेन.

त्यानं जे केलं ते बघायला सगळा कारखाना जमला होता. लोहार भट्टीला वारा घालायला हातानं फिरवायचा भाता वापरतात, तसला एक मोठा भाता त्यानं मागवला. तो पश्चिमेच्या अंगाला, आवारात, खोलीतली वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्यापासून आणि गनला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून लांब बसवला. कॉम्प्रेसरची हवा का नको, असं मालकांनी विचारलं, तेव्हा त्यात तेलाचा धूर असतो म्हणाला. भात्याला जाड कापडी नळी, नळी भिंतीतून खोलीत, आणि तिच्या टोकाला जाड कापडाचं शिवलेलं टोपरं, खांद्यापर्यंत येणारं, डोळ्यांपुढं काच. भाता फिरत राहिला की टोपऱ्यात बाहेरची हवा भरत राहते आणि खालच्या कडेनं बाहेर पडते. आतली वाफ शिरायला जागाच नाही. भाता थांबला की मात्र काही खरं नाही.

मालकांनी भात्यासाठी दोन दणकट हमाल दिले. सिद्रामनं त्यांना खालून वर बघितलं.

"ह्ये नकोत. रजिस्टर फिरवंल."

मालक म्हणाले, अरे, तो दमेल.

"दमंल. पर थांबायचा न्हाय. त्याला लाज हाय."

माझ्याबद्दल तो इतकंच चांगलं बोलला, आणि तेही ज्या स्वरात लाकडाला वाळवी आहे म्हणतात त्या स्वरात.

अकरा दिवस मी भाता फिरवला. भर उन्हाळा, सोलापूरचं ऊन. डोक्याला टॉवेल, हाताला फोड. आतला माणूस मला दिसत नव्हता, फक्त गनचा फस्सफस्स आवाज यायचा. वेग कमी झाला की भिंतीवर दोन ठोके पडायचे. तिसऱ्या दिवसापासून ठोके पडायचे थांबले. मालक मधे येऊन रजिस्टरमधलं काही विचारायचे. मी उत्तर द्यायचो नाही. मान वर करून बघायचोही नाही. ज्या माणसानं मला चार वर्षं कस्पटासमान लेखलं त्याचा श्वास माझ्या मुठीत होता, आणि मला आयुष्यात इतकं काळजीपूर्वक कुठलंच काम करावं लागलं नव्हतं.

आठव्या दिवशी मालकांचा लाकडाचा ट्रक आवारात आला आणि मागं मागं घेत भात्यापासून दहा हातांवर उभा राहिला. इंजीन चालूच. मालक ड्रायव्हरशेजारी बसून त्याला काहीतरी समजावत होते. काळा धूर सरळ भात्याच्या तोंडाशी यायला लागला. थांबलो तर आतल्याला वाफ, फिरवत राहिलो तर धूर. मी ओरडलो, इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी एका हातानं भाता फिरवत शेजारच्या रिकाम्या पिंपाला लाथा घातल्या. गनचा आवाज बंद झाला. सिद्राम बाहेर आला, टोपरं काढलं, वळसा घालून आवारात आला. आधी ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून फिरवतच होतो. टोपरं त्याच्या हातात होतं, तरी मी फिरवत होतो.

तो ट्रकच्या खिडकीशी गेला, आत हात घालून किल्ली फिरवली, काढली आणि मालकांच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "ही हवा मी पितोय. तुमी न्हाय." आवाज नेहमीचाच, खालचा. मालकांच्या कपाळावर घाम आला होता, हे मी समाधानानं पाहिलं. परत येताना त्यानं मला सांगितलं की आता थांब, धूर जाईपर्यंत पाणी पी. माझ्या आठवणीत त्यानं मला दिलेली ही एकुलती एक सुट्टी.

टेबलं गेली. हॉटेलवाले खूश झाले, पुढचं काम आलं. मालकांनी आता भात्यावर कुणालाही बसवू म्हटलं, स्टोअरकीपर काय कायमचा द्यायचा का, आणि टोपरंही जरा सुटसुटीत करू. सिद्राम त्या आठवड्यातच काम सोडून गेला. जाताना निरोप कुणाचा घेतला नाही. अंबादास काही दिवस भावाच्या चादरीच्या दुकानात बसला, तिथली कापसाची धूळ सोसेना, मग एका टॉकीजच्या सायकल स्टँडवर चिठ्ठ्या फाडायला लागला. मी कधी गेलो की स्टूल पुढे करायचा. बोलताना तीन-चार शब्दांनी थांबून श्वास घ्यायचा. मिशी तशीच होती. डब्यावर खरं काय लिहिलं होतं ते मी त्याला एकदा सांगितलं. त्यानं एका सायकलवाल्याला चिठ्ठी फाडून दिली आणि म्हणाला, तेव्हा सांगायचं होतं भाऊ. पुढच्या वेळी गेलो तेव्हा स्टूल पुढे आलं नाही. मी उभ्यानंच बोलून परत आलो.

कारखाना मी सोडला. सिद्राम मला शेवटचा दिसला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर. अक्कलकोटच्या गाडीपाशी त्याची बायको बोचकं घेऊन बसली होती. मैंदर्गीच्या अंगणात मी तिला पाहिलं होतं, म्हणून ओळखलं. तो कंडक्टरशी टपावरच्या सामानाबद्दल काहीतरी वाद घालत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. खूप दिवस मनात होतं ते विचारलं. मला वाटायचं, ह्या माणसाचं काहीतरी मोठं दुःख असणार, कुणी भाऊबंद ह्याच धंद्यात गेला असणार, त्याशिवाय माणूस इतका कडू होत नाही.

तिनं आधी नीट ऐकून घेतलं, मग तोंडाला पदर लावून हसली.

"कुणी न्हाय गेलं बाबा. मी त्यांच्या मामाचीच लेक की, ल्हानपणापास्नं बघतेय. धा वर्साचं असताना आत्याच्या भाकरीला नावं ठेवायचे, हिकडनं जाड हाय म्हणून. पयल्यापास्नं असंच."

ज्यासाठी मी त्याला मनातल्या मनात माफ करत आलो होतो, ते कारणच नव्हतं.

तेवढ्यात वाद संपला. कंडक्टर वैतागून आत गेला आणि सिद्रामनं स्वतःच शेंगांचं पोतं खांद्यावर घेतलं. गाडीच्या मागच्या शिडीवरून तो सावकाश वर चढला, पोतं टपावर सरकवलं, दोरीनं आवळलं, ओढून बघितलं आणि खाली आला. तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती, आणि आयुष्य त्यानं लॅकर-थिनरच्या खोलीत काढलं होतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, चपलांपासून चेहऱ्यापर्यंत मला बघितलं, आणि गाडीत जाऊन बसला. मी खिडकीतून त्याच्या छातीकडे बघत होतो. ती हललेलीसुद्धा दिसत नव्हती. तोंड मिटलेलं होतं, आणि तो नाकानं, शांतपणे श्वास घेत होता.